आम्ही शेंगा खाल्ल्या नाहीत

अमेरिकेत सव्वीस वर्षं राहून मी बेसबॉलचा एकही सामना पाहिलेला नव्हता, आणि ही गोष्ट मी अभिमानानं सांगत असे. माणसाला अभिमान वाटायला काहीतरी लागतंच. कुणी परवडत असून मोटार घेत नाही, कुणी मधुमेह नसताना बिनसाखरेचा चहा पितो, तसं माझं हे बेसबॉलचं सोवळं होतं. त्यातून मी सांगलीचा. विजय हजारे १९१५ साली सांगलीत जन्मले, एवढ्या भांडवलावर आम्ही सांगलीकरांनी क्रिकेटविषयी आजवर वाट्टेल तेवढी मतं दिलेली आहेत. मी स्वतः गावभागातल्या बोळात, पलीकडच्या काकूंच्या माडीत चेंडू गेला की बाद आणि काकू ओरडल्या की डाव समाप्त, असल्या कडक नियमांत तयार झालेला खेळाडू. त्यामुळे दांडकं खांद्यावर घेऊन उभं राहायचं आणि चेंडू लागला की ते टाकून पळत सुटायचं, हा खेळ म्हणजे विटीदांडू शिकता शिकता कुणीतरी अर्ध्यावर शाळा सोडली असावी, असं माझं ठाम मत होतं. न बघता बनवलेली मतं फार टिकाऊ असतात. बघितलं की ती खराब होतात.

माझं खराब झालं ते २०१९ च्या सप्टेंबरात. आम्ही राहतो बॉस्टनच्या बाहेर. शेजारी टपालखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, वय तेव्हा पंचाहत्तरच्या पुढे. मी मनातल्या मनात त्यांना पोस्टमनसाहेब म्हणतो. उभा जन्म लोकांच्या दारात पत्रं टाकल्यामुळे कुणाच्या घरात काय आलंय हे त्यांना पायरीवरूनच कळतं. त्या दिवशी मी हातात फोन घेऊन पायरीवर बसलो होतो. फोन वाजत नव्हता आणि मी करत नव्हतो. पोस्टमनसाहेबांनी कुंपणापलीकडून पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "नात येणार होती, तिला सर्दी झालीय. एक तिकीट जास्त आहे. चल. आणि ते यंत्र घरी ठेव."

फोन का वाजत नव्हता ते पुढे सांगतो. आधी मैदान.

फेनवे पार्क हे बॉस्टनचं मैदान १९१२ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. टायटॅनिक बुडालं त्याच आठवड्यात, असं पोस्टमनसाहेबांनी ग्रीन लाइनच्या गाडीतच सांगून टाकलं. एवढ्या जुन्या मैदानाची तिथल्या लोकांना इतकी माया, की पाडून नवं बांधू म्हटलं तर दंगल होईल. छपराला आधार देणारे लोखंडी खांब अजून जिथल्या तिथे आहेत, आणि अशा एका खांबामागे आमच्या खुर्च्या होत्या. माझ्या जागेवरून चेंडू फेकणारा दिसतच नव्हता. मारणारा तेवढा दिसायचा. चेंडू खांबातून उगवल्यासारखा यायचा आणि हा बिचारा त्यावर दांडकं चालवायचा. प्रल्हादाच्या गोष्टीनंतर खांबाकडे इतक्या उत्कंठेनं पाहण्याचा योग मला प्रथमच आला.

डाव्या हाताला सदतीस फूट उंचीची हिरवीगार भिंत. तिच्या पायथ्याशी धावफलक आणि तो हातानं चालवायचा. विजेवर सगळं जग चालतं त्या देशात, भिंतीच्या आत माणसं बसलेली असतात आणि आकड्यांच्या पाट्या उचलून अडकवतात. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. लग्नाच्या कार्यालयात "पंगत दुसरी" ही पाटी अशीच कुणीतरी आतून लावतं.

खेळाबद्दल फार सांगत नाही. पहिला अर्धा तास मला वाटत होतं, अजून सुरू व्हायचाय. एक माणूस चेंडू फेकण्याचा विचार करतो, दुसरा तो मारण्याचा विचार करतो आणि हजारो लोक ते दोघं विचार करताना पाहतात. (पुढे २०२३ साली त्यांनी फेकणाऱ्यावर घड्याळ लावलं. तोवर त्याच्या विचाराला घड्याळाचं बंधन नव्हतं.) क्षेत्ररक्षकांच्या हातात सुपाएवढाले चामड्याचे मोजे. आमच्या बोळात असा मोजा घालून कुणी झेल घेतला असता तर त्याला भातुकलीत पाठवला असता. पळता पळता पुढचा बेस गुपचूप गाठला तर त्याला चोरी म्हणतात आणि ती चोराच्या नावावर कौतुकानं लिहून ठेवतात. आणि सगळ्यात नवल म्हणजे दहापैकी सात वेळा बाद होणारा फलंदाज तिथे उत्तम समजला जातो. बॉस्टनच्याच टेड विल्यम्सची १९४१ सालची सरासरी .४०६ होती, हे पोस्टमनसाहेबांनी देव्हाऱ्यात दिवा लावताना बोलावं त्या आवाजात सांगितलं. म्हणजे त्यांचा देवसुद्धा दहातले सहा वेळा हात हलवत परत येत होता. मॅट्रिकला मला बेचाळीस टक्के पडले तेव्हा आमच्या अप्पांना हे माहीत असायला हवं होतं.

शेंगांचा माणूस आला. तो पायऱ्यांवर उभा राहून पाकीट फेकतो आणि पैसे माणसामाणसांतून त्याच्याकडे पोचतात. भाजलेल्या शेंगा, अख्ख्या, टरफलासकट. आणि टरफलं टाकायची कुठे? पायाशी. सगळेच टाकतात. मी टरफलं मुठीत धरून डबा शोधत होतो तर पोस्टमनसाहेब म्हणाले, "टाक खाली. इथे चालतं."

आता मराठी माणसाला शेंगा दिल्या आणि टरफलं खाली टाकायला सांगितलं, की त्याला कोण आठवतं हे सांगायला नको. लहानपणी टिळकांची ती गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. एक ऑगस्टच्या पुण्यतिथीला तर ती घासून घासून गुळगुळीत झालेली असते. मी तिसरीत असताना हात वर करून ती ठोकली होती आणि मला कंपासपेटी मिळाली होती. वर्गात टरफलं पडली आहेत, गुरुजी म्हणतात उचला, आणि बाळ म्हणतो, मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. त्या दिवसापासून आजतागायत मी हे वाक्य निरनिराळ्या शब्दांत वापरत आलो. कचेरीत, सोसायटीत, बायकोशी. आपण शेंगा खाल्ल्या नाहीत याचा आनंद शेंगा खाण्यापेक्षा मोठा असतो, असं माझं मत झालेलं होतं.

पोस्टमनसाहेबांच्या मांडीवर एक तक्ता होता आणि कानावर पेन्सिल. प्रत्येक चेंडूनंतर ते काहीतरी खरडत. ही हिशेबाची पद्धत रुजवली हेन्री चॅडविक नावाच्या पत्रकारानं. तो जन्मानं इंग्रज आणि आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा, म्हणजे मूळ आमच्यातलाच. मैदानातल्या नऊ जागांना नऊ आकडे असतात. फेकणारा एक, मागे बसून झेलणारा दोन, असं करत दूर उजव्या कोपऱ्यातला नऊ. "आमच्या लहानपणी," पोस्टमनसाहेब म्हणाले, "ज्याला खेळता येत नाही पण घ्यावं तर लागतं, त्याला नऊ नंबरला उभा करत. पोरांच्या खेळात तिकडे चेंडू जातच नाही." आमच्या बोळात अशा मुलाला लिंबूटिंबू म्हणत.

पाचव्या डावाच्या सुमाराला पाहुण्या संघाच्या सहा नंबरवाल्याकडे सणसणीत चेंडू गेला. पाहुणा संघ कुठला होता ते सांगत नाही. तो सहा नंबर अजून खेळत असेल तर उगीच कशाला? पोरगं चपळ. सातआठ पावलं धावला, चेंडू गाठला, उठला आणि फेकायला गेला तर चेंडू बोटांतून निसटून त्याच्याच पायाशी पडला. मैदानाला आनंदाचं भरतं आलं. आणि मग भिंतीतल्या माणसानं एक पाटी अडकवली. फलकाच्या उजव्या टोकाला तीन रकाने होते. पहिला धावांचा, दुसरा हिटचा, तिसऱ्यावर इंग्रजी ई. त्या ई खाली शून्य होतं, तिथे एक आला.

"ई म्हणजे?" मी विचारलं.

"एरर."

मी थक्क झालो. आपल्याकडे ई हा झुरळ दिसल्यावर काढायचा उद्गार आहे. इथे तो हजारो लोकांसमोर, हातभर अक्षरात भिंतीवर! क्रिकेटमध्ये झेल सुटला तर लोक शिव्या देतात, कॅच सुटला की मॅच सुटली म्हणतात, पण धावफलकावर "सुटलेले झेल : अमुक" असा रकाना मी पाहिलेला नाही. इथे धावांच्या बरोबरीनं चूक. पोस्टमनसाहेबांनी तक्त्यावर शांतपणे लिहिलं : ई-सहा. आणि शेंग फोडली.

दोन डावांनंतर दुसरी गंमत. एक उंच चेंडू डावीकडे गेला. सात नंबर धावत आला, आठ नंबर धावत आला. जवळ आल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तू घे. नाही, तू घे. चेंडू दोघांच्या मध्ये गवतावर पडला, अगदी अलगद, कुणाचीही झोपमोड न करता. मी म्हटलं, आता दोन ई! पण ई तिथेच राहिला आणि हिटच्या रकान्यात एक वाढला. फलंदाजाचं कौतुक.

"हे कसं?" मी जवळजवळ ओरडलोच. "चूक तर ही मोठी!"

पोस्टमनसाहेबांनी समजावून सांगितलं. वर पत्रकारांच्या कक्षात एक अधिकृत गुणलेखक बसतो आणि प्रत्येक वेळी तो ठरवतो, हिट की एरर. नियमाच्या पुस्तकातले शब्द आहेत 'साधारण प्रयत्न'. साधारण प्रयत्नानं जे जमायला हवं होतं ते हातून निसटलं, तर एरर. पण ज्याच्या हातून विचारात चूक झाली, ज्याचा अंदाज चुकला, जो हळू निघाला म्हणून चेंडूपर्यंत पोचलाच नाही, त्याला एरर देत नाहीत. मनातली चूक मोजत नाहीत. "म्हणून," ते म्हणाले, "नुसता ई चा आकडा पाहून माणूस ठरवू नये. मंद माणसाचे एरर कमी असतात. तो पोचतच नाही."

खांबाआड काहीतरी घडलं असावं. लोक ओरडले. मला ऐकू आलं नाही.

आता फोनची गोष्ट.

त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कृष्णेला पूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी धरतात. त्या वेळी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. याआधी मोठा पूर होता तो २००५ चा, तेव्हा चोपन्नाच्या आसपास. गावभागातलं आमचं घर जुनं. भिंतीवर २००५ च्या पाण्याची रेघ अजून होती. अप्पांनी तिच्यावर रंग मारू दिला नव्हता. घरात आई, वय त्र्याऐंशी, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. मी इथे. सव्वीस वर्षं मी इथे.

धाकट्यानं काय केलं, तर त्या रेघेच्या वर दीड वीत जागा सोडून सगळं सामान चढवलं. धान्य, गादी, आईचा देव्हारा. अप्पांची ट्रंक त्यानं टेबलावर ठेवली. तिच्यात अप्पांच्या पन्नास वर्षांच्या डायऱ्या होत्या. फार मोठा मजकूर नाही, दूध किती, भाजी किती, पाऊस पडला, थोरल्याचं पत्र आलं. पाणी रेघ ओलांडून वर आलं आणि टेबलही बुडालं. तोवर धाकटा आईला पाठीवर घेऊन शेजारच्या गच्चीत पोचला होता. दुसऱ्या दिवशी होडीतून बाहेर काढलं. आईच्या पायाला पाणी लागलं नाही.

चार दिवसांनी फोन लागला. आई सुखरूप, सगळे सुखरूप हे कळल्यावर माणसानं काय बोलावं? मी विचारलं, "ट्रंक?" आणि मग म्हणालो, "माळ्यावर का नाही टाकलीस? साधी गोष्ट होती!"

साधी गोष्ट. नियमाच्या पुस्तकातला शब्द जवळजवळ हाच.

पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही. मग धाकटा म्हणाला, "दादा, मला दोनच हात आहेत, आणि ते मागे आईच्या खाली होते." त्यानंतर फोन त्याची बायको घेऊ लागली. "सगळं ठीक आहे दादा. आई झोपल्यात. हे चिखल काढायला गेलेत." पंधरा दिवस ते दोघं घरातला चिखल उपसत होते आणि मी वर, पत्रकारांच्या कक्षात, बारा हजार किलोमीटरवर बसून हिट की एरर ते ठरवत होतो. फरक इतकाच, की फेनवेच्या गुणलेखकाला खेळायचं नसतं. माझं नाव संघात होतं.

आणि हा पहिलाच ई नव्हे. धाकट्याच्या नावावर मी कितीतरी लावले होते. अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उशिरा केलं, ई. आईला त्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं नाही, ई. माझ्या नावाखाली शून्य. भाऊबंदांत, नातेवाइकांत माझं फार चांगलं. थोरला गुणी, कधी एक शब्द नाही, पैसे वेळेवर पाठवतो. नाहीच माझी चूक कुठली. सव्वीस वर्षांत माझ्याकडे एक चेंडू आला नाही. मी शेंगा खाल्ल्या नाहीत. टिळकांची गोष्ट मी तिसरीत सांगितली तेव्हा एक बारीक मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. टिळक त्या वर्गात बसलेले होते. टरफलं त्यांच्या समोर होती, आणि उचलणार नाही म्हटल्यावर शिक्षा त्यांनाच व्हायची होती. वर्गातच नसलेल्या मुलानं "मी शेंगा खाल्ल्या नाहीत" म्हणणं हा बाणेदारपणा नव्हे, ती गैरहजेरी आहे.

सातव्या डावाच्या मध्ये सगळे लोक एकदम उभे राहिले आणि गाऊ लागले. मला वाटलं आरती. मीही उभा राहिलो, नकळत हात जोडले गेले होते ते सोडले. बसल्यावर पोस्टमनसाहेब म्हणाले, "बिल बकनर गेला, वाचलंस का मे महिन्यात?" मी म्हटलं, कोण? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुण्यात बसून कुणी "कोण भीमसेन?" विचारलं असतं.

बकनर हा बॉस्टनचा तीन नंबर. १९८६ च्या ऑक्टोबरची पंचवीस तारीख, न्यूयॉर्कमधला अंतिम मालिकेचा सहावा सामना. बॉस्टन १९१८ पासून जिंकलेलं नव्हतं आणि त्या रात्री जिंकायला एका चेंडूचं अंतर राहिलं होतं. ते हुकलं, बरोबरी झाली, आणि मग एक साधा सरपटी चेंडू बकनरच्या दोन पायांमधून निघून गेला. ई-तीन. सामना गेला, दोन दिवसांनी सातवा सामना आणि मालिकाही गेली. पुढची कित्येक वर्षं शहरानं सगळं त्या एका माणसाच्या नावावर मांडलं. त्याला धमक्या आल्या. शेवटी तो बायकामुलांना घेऊन दूर आयडाहोत राहायला गेला. बावीस हंगाम खेळलेला, २,७१५ हिट मारलेला माणूस. घोटे कामातून गेलेले, खास बूट घालून उभा राहायचा. आघाडी असली की शेवटी शेवटी त्याच्या जागी धड पायांचा गडी पाठवायचा रिवाज होता. त्या रात्री व्यवस्थापकानं पाठवला नाही. चेंडू सुटण्याआधी बरोबरी झाली ती दुसऱ्याच्या हातून. पण व्यवस्थापकाच्या डोक्यातल्या गोष्टीला फलकावर रकाना नाही.

"मीही त्याला शिव्या दिल्या," पोस्टमनसाहेब म्हणाले. "अठरा वर्षं. २००४ साली जिंकलो तेव्हा राग गेला. पण राग गेला तेव्हा तो गेला म्हणून कळवायचं राहून गेलं." मग २००८ च्या एप्रिलमध्ये हंगामाचा पहिला चेंडू फेकायला बकनरला बोलावलं. त्या हिरव्या भिंतीकडून तो एकटा चालत आला आणि मैदान उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. तो डोळे पुसत होता. "मी इथेच होतो," पोस्टमनसाहेब म्हणाले, "त्या तिकडे, खांब नसलेल्या जागी." आणि पुष्कळ वेळ शेंगा सोलत राहिले.

मला त्या टाळ्यांबद्दल एक शंका आहे, ती सांगून टाकतो. दोन अजिंक्यपदं खिशात आल्यावर माफ करणं सोपं असतं. २००४ साली बॉस्टन पुन्हा हरलं असतं तर? हे मी पोस्टमनसाहेबांना विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच मैदानात असं विचारू नये. पण त्या हातभर अक्षराबद्दल माझं मत मात्र तिथेच बदललं. मला आधी तो क्रूरपणा वाटला होता. आता वाटतं, भिंतीवर एक आकडा लावला आणि पुढचा चेंडू टाकला, यात माणुसकी जास्त असावी. त्या सहा नंबरच्या पोरानं पुढच्याच डावात दोन चेंडू सुरेख अडवले आणि ई चा एक तसाच शेजारी लटकत होता. दोन्ही खरं होतं. आपल्या घरांतून चूक कुठे लिहीत नाहीत, म्हणून ती संपतच नाही. १९७४ साली काकांनी लग्नात आहेर परत केला होता, तो अजून दर लग्नात परत येतो.

एक अजून शिकलो. फलंदाज मुद्दाम हलकेच चेंडू टेकवून स्वतः बाद होतो आणि पुढच्या गड्याला एक बेस सरकवतो. याला ते त्याग म्हणतात, आणि तो बाद सरासरीत धरत नाहीत. पोस्टमनसाहेबांच्या तक्त्यात त्याला वेगळी खूण होती. धाकट्यानं १९९३ साली पुण्यातली नोकरी सोडून सांगलीत मास्तरकी धरली, मी विमानात बसावं म्हणून. त्याची खूण कुणी कुठे केली असेल तर मला माहीत नाही. अप्पांच्या डायरीत असेल. ती ट्रंकेत होती.

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा. सांगलीत सकाळचे साडेआठ. फोन धाकट्यानंच उचलला.

"काय रे, एवढ्या रात्री?"

"मॅचला गेलो होतो."

"कसली?"

"बेसबॉल."

थोडा वेळ शांतता. मग, "तू?" आणि तो हसला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

मी त्याला सगळं सांगितलं. खांब, भिंत, शेंगा, सहा नंबरचा पोरगा, बकनर. नऊ जागांचे आकडे सांगितले तर त्यानं लगेच घरात वाटून टाकले. आई दोन नंबर, कारण कुणीही काहीही फेकलं तरी शेवटी झेलते तीच. बायको एक, कारण खेळ तिच्या हातात. स्वतः सहा. "आणि तू नऊ," तो म्हणाला. मी नऊ नंबरची ख्याती त्याला सांगितली नव्हती.

मग मी मूळ मुद्द्यावर आलो. मनात वाक्य तयार केलेलं होतं, गाडीत दोनदा म्हणून पाहिलं होतं. "ट्रंकेबद्दल मी जे बोललो ना, ते चुकलं माझं. तो एरर नव्हताच. पाणी रेघेच्या इतकं वर येईल हे कुणाला..."

"होता," धाकटा म्हणाला.

"काय?"

"एरर होता. आदल्या दिवशी संध्याकाळी माळ्यावर टाकणार होतो. दोन मिनिटांचं काम. आईनं चहा दिला, बातम्या लागल्या, राहिलं. धरता आला असता तो चेंडू." आणि जरा थांबून, "तो लाव तू माझ्या नावावर. फक्त एकच लाव. रोज रोज लावू नको."

मी मोठ्या मनानं ई पुसायला गेलो होतो. त्यानं पुसू दिला नाही. यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही, म्हणून मी नेहमीप्रमाणे विचारलं, "पैसे पाठवू का?"

"पैसे नकोत. दिवाळीला ये. आईची औषधं, फिजिओथेरपीचा माणूस, नळाची पाळी, सगळं महिनाभर तू बघ. आम्ही दोघं आठ दिवस कोकणात जाणार आहोत. बारा वर्षांत गेलो नाही."

गेलो. दिवाळीच्या सुमाराला विमानाचं तिकीट काढताना माणसाचं चारित्र्य कसाला लागतं, पण काढलं. घराला पाण्याची नवी रेघ होती, जुनीच्या वर. अप्पांच्या डायऱ्या दोरीवर वाळवलेल्या, पानं पापडासारखी. शाई बहुतेक गेलेली. मधूनमधून "दूध दीड लि." एवढं वाचता येत होतं. धाकटा आणि त्याची बायको हर्णैला गेले. पहिल्या दिवशी मी नळाची वेळ चुकवली. तिसऱ्या दिवशी आईला सकाळची गोळी रात्री आणि रात्रीची सकाळी दिली. आई दिवसभर छान झोपली आणि रात्रभर मला माझ्या बालपणातल्या गोष्टी सांगत बसली. पाचव्या दिवशी फिजिओथेरपीच्या माणसाला मी वर्गणीवाला समजून दारातूनच परत पाठवलं.

ही सगळी बातमी आईनं ते दोघं परत आल्या आल्या, चपला काढायच्या आत दिली. धाकटा काही बोलला नाही. संध्याकाळी मी दुधाचा आकडा लिहायला भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे गेलो तर तीन चौकोनांत पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : ई-९, ई-९, ई-९. मी अपील केलं. दोन्ही गोळ्या पांढऱ्या आहेत, दोन्ही पाकिटं सारखी आहेत, निदान तो मधला तरी हिट धरायला हवा. आईनं चष्मा लावला, दोन्ही पाकिटं उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "एकावर निळी रेघ आहे की रे."